कंडक्टरकाकांचा हात खुर्चीला का चिकटला, त्याबद्दल

जबाबाच्या कागदावर जे नाव लिहिलंय ते माझंच आहे, पण त्या नावाने फक्त लाइटबिल येतं. गल्लीत मला पुतळेवाली म्हणतात. वय चोपन्न, नाहीतर पंचावन्न, दाखला नाही. शिक्षण चौथी, त्यातली तिसरी दोनदा. धंदा, कपड्यांच्या दुकानात काचेमागे उभे करतात ते पुतळे दुरुस्त करणे व रंगवणे. राहणार गल्लीच्या टोकाला, लोखंडी जिन्याच्या इमारतीत, तळमजल्यावर. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत संसार, त्याच्या मागे अंगण.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मला कोणी धमकावलेलं नाही. चहा दिला, तो कोमट होता. लिहिणाऱ्या हवालदारदादांना मी आधीच सांगितलं की मी बोलते तसं लिहा. त्यांनी पहिल्याच ओळीत 'सदर इसमाचा हात' असं लिहिलं. ते मी खोडायला लावलं. इसम कोण? ते आमचे कंडक्टरकाका आहेत. पुढे 'मानवी अवयवांसारखे अवयव' असं होतं, तिथे 'माल' करायला लावलं. मग त्यांनी पेन खाली ठेवलं, पाणी प्यायले आणि म्हणाले, बोला बाई.

माझ्याजवळ माझी नात राहते. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी उभी असलेली कोणी पाहिलेली नाही. वय आठ. तिची आई, म्हणजे माझी लेक, दुसऱ्या शहरात मोठ्या सरकारी इस्पितळात नर्स आहे. तिच्या पाळ्यांचा काही भरवसा नसतो, म्हणून पोर माझ्याकडे. बापाचं विचारू नका, तो कुठे आहे ते आम्हालाही माहीत नाही आणि त्याच्यावाचून कोणाचं अडलेलं नाही. लेक सुट्टीला येते, पोरीचे केस विंचरते, माझ्याशी भांडते आणि संध्याकाळच्या बसने जाते.

मागे भिंगरीने दप्तरात घालून शाळेत एक हात नेला होता. उत्तर येतंय त्यांनी हात वर करा असं बाई म्हणाल्या, तर हिने स्वतःचे दोन करून वर तिसरा केला. बाईंना चक्कर आली. तेव्हा लेक मला म्हणाली, आई, असल्या घरात पोर वाढवायची नाही, आता एक जरी तक्रार आली तरी तिला हॉस्टेलमध्ये ठेवणार. लेक बोलते ते करते. माझ्यावरच गेली आहे. म्हणून आज पोलिसांची गाडी गल्लीत शिरली तेव्हा मला गाडीची भीती वाटली नाही. लेकीला कोण फोन लावणार, याची वाटली.

तक्रार ज्यांनी केली ते घर आमच्या वरच्या मजल्यावर आहे. तिथे कंडक्टरकाका राहतात. सगळी नोकरी बसमध्ये कंडक्टर म्हणून केली, आता रिटायर. मुलगा जहाजावर असतो, सून बँकेत. नातू सात वर्षांचा, त्याला शोनू म्हणतात. मी नाही म्हणत, त्याची आई म्हणते, पण जबाबात दुसरं काय लिहायचं. सूनबाई सकाळी डबे, नातू, सासरे सगळं उरकून पळते ती दिवेलागणीलाच परत येते. बाई कामाला वाघ आहे. माझ्याविरुद्ध तक्रार तिचीच आहे, तरी हे सांगते.

दुपारी शोनूला सांभाळतो तो टॅब. पाटीएवढा मोबाईल असतो तसला. तो समोर असला तर पोर जेवतं, नसला तर तोंड उघडत नाही. त्यात बंदुकीचा खेळ आहे, समोर दिसेल त्याला उडवत सुटायचं. नातू एका खुर्चीत बसून माणसं मारतो, आजोबा दुसऱ्या खुर्चीत बसून भिंत बघतात. मी वर कधी पीठ चाळायची चाळणी मागायला गेले, तर दोघांपैकी एकाने तरी मान वळवावी? काका वळवायचे, पण त्यांना वाटायचं मी कोणी पाहुणी आले. बसा बसा म्हणायचे.

भिंगरी हा खेळ वर जाऊन बघून आली. मला वाटलं, आता ही ठो ठो करत घर डोक्यावर घेणार. तर ती आली आणि स्टुलावर बसली. भिंगरी बसली म्हणजे काहीतरी बिनसलं. मी एका पुतळ्याच्या मानेत पुट्टी भरत होते. ती म्हणाली, "आजी, त्यातले मेलेले लोक जातात कुठे?"

मी म्हटलं, मला काय ठाऊक, खेळ आहे तो.

"पडतात आणि नाहीसे होतात. कोणी उचलत पण नाही."

मी मानेतली पुट्टी बोटाने सारखी केली. काचपेपर दे म्हटलं.

इथे ठाण्याच्या मोठ्या साहेबांनी विचारलं की अशा कारखान्यात लहान मुलीने राहणं योग्य वाटतं का. माझं म्हणणं असं. माझ्याकडे मुंडकी पोत्यात असतात, हात बादलीत, पाय भिंतीला टेकून. बाहेरून येणाऱ्याला वाटतं, खाटिकखाना आहे. पण माझ्याकडे जे येतं ते मोडूनच येतं आणि जाताना दोन पायांवर उभं राहून जातं. भिंगरी रांगत होती तेव्हापासून हेच बघतेय. तिला मोडलेल्याचं काही वाटत नाही. मोडलेलं तसंच टाकून पुढे गेलं की वाटतं.

मोबाईल वाईट आणि मी चांगली, असं मला म्हणायचं नाही. मला स्वतःला मारामारीचेच सिनेमे आवडतात, रडके आवडत नाहीत. पण त्यात निदान मेलेल्याची आई तरी धावत येते. शोनूच्या खेळात कोणाला आईच नाही.

सूनबाईच्या तक्रारीत असंही आहे की मी मुलांना तंगडी तोडीन, चामडी लोळवीन, हाडं मोडून पोत्यात भरीन असं बोलते. बोलते. माझी आई माझ्याशी तसंच बोलायची आणि मी पाच फूट चार इंच धडधाकट समोर बसले आहे. साहेबांनी याबद्दल भिंगरीला विचारलं. ती म्हणाली, "रोज म्हणते. पण अजून एकदाही मोडलं नाही. तिला वेळच नसतो."

तर मग भिंगरीने शोनूला नियम घातला. ज्याला मारशील त्याला तूच दुरुस्त करायचं, तोवर दुसऱ्यावर नेम धरायचा नाही. शोनूने तो मान्य केला, कारण त्याच्याशी खेळायला दुसरं कोणी नाही. पहिल्या दिवशी तो आमच्या दारात आला आणि मुंडक्यांचं पोतं बघून जिन्याखाली जाऊन बसला. वरती एवढी माणसं उडवणारा शिपाई! भिंगरीने एक मुंडकं बाहेर नेऊन त्याच्या मांडीवर ठेवलं, आत पोकळ असतं ते दाखवलं, त्यात तोंड घालून हाक मारली की कसा आवाज येतो ते ऐकवलं. मग आला. नंतर त्याने झाडूच्या दांड्याने माझे पुतळे मारले आणि मारलेल्या प्रत्येकाला बसून काचपेपर घासला. मला फुकटात मदत झाली. हे मी लपवत नाही.

आज शनिवार. शाळेला सुट्टी होती, बँकेला नव्हती. वेळ विचारली आहे. घड्याळ बघितलं नाही. पुतळ्यांना रंगाचा पहिला हात मारून झाला होता आणि दुसरा मारायला अजून ओला होता, ती वेळ. दुकानदाराचा फोन आला की सगळा माल आजच पाहिजे, उद्यापासून सेल लावतोय. मी त्याला म्हटलं, रंग काय तुझा नोकर आहे का, सांगितलं की वाळायला? भांडण लांबलं. त्यामुळे माझं अंगणाकडे लक्ष नव्हतं, ही माझी चूक. प्लास्टरची पिशवी उघडी ठेवली होती, ही दुसरी.

पुढचं मला भिंगरीने, शोनूने आणि काकांनी सांगितलं, तिघांचं जुळतं. काका अंगणात लोखंडी खुर्चीत ऊन खात बसले होते. शोनूचे पुतळे मारून संपले होते. त्याने दांडा काकांवर धरला आणि गोळी घातली. काका मेले. नुसती मान टाकून नाही. आधी एक झोका घेतला, मग "पुढे चला, मागे जागा नाही" असं म्हणाले, मग घंटीची दोरी दोनदा ओढल्यासारखं केलं आणि मग मेले. शोनू म्हणतो, एवढं चांगलं त्याच्या खेळात कोणी मरत नाही.

नियमाप्रमाणे दुरुस्ती आली. गोळी दंडाला लागली असं ठरलं. पुतळ्याच्या लोखंडी स्टँडला मारायचा तांबडा रंग, रेड ऑक्साईड, त्याची जखम काढली. त्यात डबा कलंडला. भिंगरीने प्लास्टर कालवलं, जुन्या चादरीच्या पट्ट्या फाडल्या. पट्ट्या गुंडाळल्या शोनूने, कारण मारलं त्याने.

आता हात खुर्चीला का चिकटला, ते. आमच्या कामात हात जोडला की तो वाळेपर्यंत सळईला नाहीतर लाकडाला बांधून ठेवतात. नाही ठेवला तर ओल्यात वाकतो, आणि एकदा वाकडा वाळला की जन्माचा वाकडा. भिंगरीला हे बाराखडीच्या आधी येत होतं. तिने खुर्चीचा हात बघितला, त्यावर काकांचा हात सरळ ठेवला आणि दोन्ही मिळून गुंडाळायला लावलं. दुसऱ्या कोणाच्या पोराला हे सुचलं नसतं. फक्त आपण मध्ये कागद घालतो, म्हणजे नंतर सळई सुटून येते. कागद राहिला. मी तिला त्याबद्दल बोलले आहे.

काकांना साहेबांनी विचारलं की तुम्ही नको का म्हणाला नाहीत. काका म्हणाले, मेलेला माणूस बोलतो का? शिवाय प्लास्टर वाळताना गरम होतं, त्याने त्यांचा सांधा छान शेकला.

वाळेपर्यंत जोड हलू द्यायचा नाही, हाही आमचा नियम. शोनू काकांचा पंजा दोन्ही हातांनी धरून बसला. मध्येच काकांनी एक डोळा उघडून बघितलं, तर पोराने त्यांना मेलेले राहा म्हणून दटावलं. टॅब वर चार्जिंगला लावलेला होता. तो कोणाला आठवला नाही.

प्लास्टर वाळलं, खेळ संपला, काका उठायला गेले तर खुर्ची पण उठली. तेव्हा भिंगरीने आतून लहान करवत नेली. हे मला विचारून करायला पाहिजे होतं. पण मी फोनवर, आणि मी फोनवर असताना मध्ये बोललेलं मला खपत नाही, हे तिला माहीत आहे.

नेमकी आज सूनबाई लवकर आली. वरच्या गॅलरीतून तिने अंगणात बघितलं. सासरे खुर्चीत, दंड लाल, फरशीवर लाल, आजूबाजूला चार हात, दोन मुंडकी, आणि माझी नात करवत घेऊन त्यांच्या मनगटाशी. तिने शोनूला हाक मारली. शोनूने वर बघून मोठ्या कौतुकाने सांगितलं, "आई, आजोबांना मी मारलं. आता भिंगरी हात कापतेय."

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सूनबाईने किंकाळी फोडली आणि पोलिसांना फोन लावला. तिच्या जागी मी असते तर मीही लावला असता. आधी वरून कुंडी टाकली असती, मग लावला असता.

गाडी आली. दोन जण आत आले. त्यातल्या तरण्या शिपाईदादांनी पोत्याचं तोंड उघडलं, आतली तोंडं बघितली आणि मागे सरकून डब्यावर बसले. डबा रेड ऑक्साईडचा होता आणि त्याला झाकण नव्हतं. टर्पेंटाईनने डाग जातो, मी त्यांना सांगितलं. पँट ठेवून जा, धुऊन देते म्हटलं, तर रागावले.

करवत हत्यार म्हणून जप्त झाली. त्यामुळे काकांचा हात सोडवता आला नाही. त्यांना खुर्चीसकट गाडीत घातलं. गाडी सुटताना त्यांनी मोकळ्या हाताने पत्र्यावर दोन टकटक दिल्या.

ठाण्यात मी करवत मागितली. साहेब म्हणाले, जिच्याविरुद्ध तक्रार तिच्याच हातात हत्यार, तेही माझ्या टेबलासमोर, जमणार नाही, डॉक्टरांना बोलावलंय. डॉक्टर काही आले नाहीत. मग साहेबांनी पोरीची आई कोण विचारलं आणि मला जे नको होतं ते केलं. फोन लावला. लेक सुट्टीला यायला निघालेलीच होती, अर्ध्या वाटेवर होती. ती फोनवर एवढंच म्हणाली, येते.

ती येईपर्यंत सूनबाईने तिचं म्हणणं सांगितलं. हे पुतळे, हे रक्त, ही कापाकापी, ह्याने मुलांच्या मनावर परिणाम होतो, आपला शोनू असा नव्हता, त्याने आज स्वतःच्या आजोबांना मारलं. त्याचं खाली जाणं बंद करा आणि कारखाना तिथून हलवा. साहेबांनी काकांकडे बघितलं. काका बाकाशेजारी आपल्या खुर्चीत होते. ते म्हणाले, "साहेब, मेलो म्हणून पोरगं इतका वेळ जवळ बसलं. जिवंतपणी बसत नाही."

 लिहिणाऱ्या दादांनी हे लिहू का म्हणून विचारलं. मी लिहा म्हटलं.

सूनबाई पर्सचा पट्टा नखाने खरवडत होती. मग म्हणाली, "टॅब नसेल तर तो जेवत नाही हो. आणि तो जेवला नाही असं कळलं, की तिकडे बँकेत मला काम सुचत नाही. मी तरी काय करू?"

हे ती साहेबांना नाही, मला म्हणाली. मी म्हटलं, जेवायला खाली पाठव. माझ्याकडे ताट रिकामं केल्याशिवाय काचपेपर मिळत नाही. ती म्हणाली, आणि ती मुंडकी? मी म्हटलं, एवढी तोंडं आहेत घरात, पण वाईट बोलणारं एकच आहे, तेवढं तू सहन कर. तेव्हा ती पहिल्यांदा हसली. मग लगेच डोळे पुसले आणि प्लास्टरचा वास फार येतो म्हणाली. प्लास्टरला वास नसतो. 

लेक आली. इस्पितळाच्या कपड्यातच होती, वर स्वेटर. माझ्याकडे बघितलं नाही. भिंगरी माझ्या मागे सरकली आणि उभी राहिली. एका जागी उभी राहिली. लेक सरळ काकांजवळ गेली, उकिडवी बसली, बोटांची नखं दाबून बघितली, पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे कोणी बांधलं?"

शोनू म्हणाला, मी. भिंगरी म्हणाली, मी सांगितलं तसं. लेक म्हणाली, "आमच्याकडची शिकाऊ मुलं इतकं सारखं बांधत नाहीत. कागद का नाही घातला?"

भिंगरी म्हणाली, विसरले. मी म्हणाले, मी बोलले आहे तिला. लेक म्हणाली, तुला कोणी विचारलं नाही, आई.

तिने साहेबांकडे करवत मागितली. साहेबांनी दिली. सरकारी नर्सला नाही म्हणता येत नसेल. तिने एका बाजूने रेघ ओढली आणि भिंगरीला बोलावलं. तू पंजा धर, हलू द्यायचा नाही, मी कापते. भिंगरीने धरला. दुसऱ्या बाजूने शोनूने धरला, कारण मारलं त्याने. सूनबाई काकांच्या खांद्याशी उभी राहिली. मला काही काम उरलं नाही म्हणून मी दिव्याखालून सरकले, उजेड अडत होता. करवत चालवताना लेक ओठ दाबून धरते. आजी, तू पण तसाच धरतेस, असं भिंगरी म्हणाली. मला ते माहीत नव्हतं.

हात मोकळा झाला. कुठे खरचटलंसुद्धा नाही, फक्त थोडे केस गेले. प्लास्टरचं साल शोनूने मागून घेतलं, त्यात तोंड घालून त्याने काकांना हाक मारली आणि काकांनी ओ दिली. सूनबाईने तक्रार मागे घेतली आहे, तो कागद वेगळा आहे. माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही, दुकानदार सोडून, त्याचं मी बघून घेईन.

हॉस्टेलचा विषय लेकीने काढला नाही. मीही काढला नाही. ती आत्ता बाहेर बाकावर भिंगरीचे केस विंचरत बसली आहे. यावर मला जास्त काही सांगायचं नाही.

हे सगळं दादांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. 'सदर' दोन जागी राहून गेलं होतं, तेही काढून घेतलं. बाकी मी बोलले तसंच उतरलं आहे, म्हणून खाली सही करते. सहीजवळ लाल बोट उमटलं आहे. तो रंग आहे, याची नोंद घ्यावी.